जुनी डिझेल पिकअप मध्येच बंद पडते? पार्ट बदलण्याआधी दोष असा शोधा

जुन्या डिझेल पिकअपचं सगळ्यात जीव खाणारं दुखणं म्हणजे चालता चालता बंद पडणं. गॅरेजमध्ये नेली की तासभर चालू ठेवा, काही होत नाही. माल भरून घाट चढायला लागली की नेमकी तिथे मान टाकते. मग अंदाजाने दुरुस्ती सुरू होते. आधी फिल्टर, मग फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा), मग मेन पंप (इंजिनाला दाबाने डिझेल देणारा) उतरवून नोझलसकट (डिझेल फवारणारी तोटी) पंप दुरुस्त करणाऱ्या पंपवाल्याकडे. एवढं करूनही कित्येकदा मूळ दोष टाकीजवळच्या तडकलेल्या रबरी पाईपात नाहीतर चावीच्या झिजलेल्या स्विचमध्ये निघतो. लासलगावला कांदा किंवा नारायणगावला टोमॅटो नेणाऱ्या माणसाची गाडी रस्त्यात उभी राहिली तर नुसतं भाडं बुडत नाही, बाजार हुकतो आणि मालाचा दर्जाही उतरतो. त्याच्या पैशाला अशी अंदाजाची गळती लागू नये, म्हणून हा लेख जरा लांबवला आहे.

एक गोष्ट मनात पक्की धरा. कधीतरी होणाऱ्या बिघाडाचा पुरावा गाडी बंद पडते त्या क्षणी आणि त्यानंतरच्या दोन-तीन मिनिटांतच असतो. गाडी गार झाली, चार वेळा सेल्फ मारला, टोचन करून गॅरेजला आणली की पुरावा गेला. तो टिपायचं काम मेकॅनिकचं नाही, स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाचं आहे.

बंद पडली तर आधी हे सांभाळा

इंजिन थांबलं की ब्रेक बूस्टरला व्हॅक्यूम देणारा पंपही थांबतो. बूस्टरमध्ये साठलेला व्हॅक्यूम एक-दोन दाबांपुरताच पुरतो. म्हणून ब्रेक पुन्हा पुन्हा मारू नका. एकदाच घट्ट दाबून धरा आणि गाडी कडेला घ्या. पॉवर स्टिअरिंग असेल तर ते दगडासारखं जड होईल, दोन्ही हातांनी जोर लावा. चावी पूर्ण मागे फिरवू नका, स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. उतारावर चाकामागे दगड लावल्याशिवाय बॉनेट उघडायला उतरू नका.

आणखी एक. टेंपरेचरचा काटा वर गेला होता, इंजिन आवळल्यासारखा आवाज करत थांबलं, आता सेल्फही जड फिरतो, असं असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि सेल्फ मारणं थांबवा. ते इंजिन जाम होण्याचं लक्षण आहे. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. गार झाल्यावर ऑइल आणि पाणी बघा. इंजिन हाताने फिरतं का ते पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

तुमच्या गाडीत पंप कोणता, ते बॉनेट उघडून बघा

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. हवा दाबून तापते आणि त्यात डिझेल फवारलं की पेटतं. म्हणजे चालत्या इंजिनाला थांबवायचं असेल तर बहुतेक वेळा डिझेल तोडावं लागतं. ते कोण तोडू शकतं, हे पंपावर ठरतं. मॉडेलच्या नावावर जाऊ नका, कारण एकाच नावाच्या गाडीत वर्षं बदलली तसे पंपही बदलले.

पंपाच्या माथ्यावर चार पाईप एका रांगेत असतील तर तो इनलाइन पंप. इंजिन बंद करायला ओढायची केबल असेल तर या इंजिनाला चालत राहायला विजेची गरजच नसते. बॅटरीची वायर निघाली तरी ते चालत राहील. अशी गाडी बंद पडत असेल तर वायरिंगमध्ये वेळ घालवू नका. डिझेलचा मार्ग बघा आणि स्टॉप केबल अडकून लिव्हर अर्धवट ओढलेला राहत नाही ना, तेवढं तपासा.

चार पाईप पंपाच्या मागच्या तोंडातून गोलाकार निघत असतील तर तो रोटरी पंप. तिथेच छोट्या नटाने एक वायर आवळलेली दिसेल, तो स्टॉप सोलेनॉईड. चावी ऑन असेपर्यंत त्याला १२ व्होल्ट मिळाले तरच डिझेल पुढे जातं. क्षणभर करंट तुटला तर इंजिन गचकतं, जरा जास्त वेळ तुटला तर बंद.

पंपातून निघालेला पाईप एका जाड नळीला, म्हणजे रेलला, जोडलेला असेल आणि प्रत्येक इंजेक्टरवर वायरचं सॉकेट असेल तर ती कॉमन रेल. इथे ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर), सेन्सर, रिले (विजेवर चालणारा स्विच) सगळेच इंजिन बंद करू शकतात. देशभर १ एप्रिल २०१७ पासून बीएस-४ हा धुराच्या प्रदूषणाचा नियम लागू झाला, त्यामुळे त्यानंतरच्या पिकअपमध्ये ही व्यवस्था सर्रास दिसते. त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांत पहिल्या दोनपैकी एक पंप असतो.

कशी बंद पडली?

चावी फिरवून बंद केल्यासारखी एकदम गप्प झाली की आधी धापा टाकत, हिसके देत, पिकअप (जोर) सोडत थांबली? पहिला प्रकार बहुतेक विजेचा, दुसरा बहुतेक डिझेलचा. हा एकच प्रश्न नीट विचारला तर अर्धी शोधाशोध वाचते.

मग बाकीचं. टाकीत डिझेल किती होतं? चढ होता की सपाट? लोड होता का? गाडी किती तापली होती? पाऊस होता का, की खड्ड्यात आदळली आणि बंद पडली? लगेच चालू झाली की पंधरा मिनिटं थांबल्यावर? डॅशबोर्डच्या उघड्या कप्प्यात एक वही ठेवा आणि दर वेळी हे लिहा. पाच-सहा नोंदी झाल्या की बहुतेक वेळा त्यांतून काहीतरी सारखं दिसायला लागतं. टाकी निम्म्याच्या खाली गेल्यावरच पडते, असं निघालं तर टाकीतल्या उभ्या नळीला त्या उंचीवर चीर असू शकते. डिझेल चिरेच्या वर असेपर्यंत हवा शिरत नाही, खाली उतरलं की शिरते. तासभर पळाल्यावर पडते आणि गार झाल्यावर चालू होते, तर तापून रुसणारा सेन्सर, सोलेनॉईड किंवा झिजलेला पंप. खड्ड्यात पडते तर लूज कॉन्टॅक्ट.

पहिली तीन मिनिटं

सेल्फ मारायच्या आधी, याच क्रमाने:

१. चावी ऑनच राहू द्या आणि मीटरकडे बघा. बॅटरी आणि ऑइलचे लाल दिवे लागलेले असतील तर चावीच्या स्विचपर्यंत करंट आहे. सगळं मीटर मेलेलं असेल तर बॅटरी टर्मिनल, मुख्य फ्यूज आणि चावीचा स्विच यांतच दोष आहे.

२. टाकीचं झाकण उघडा आणि कान द्या. ‘स्सss’ करत हवा आत ओढली गेली तर झाकणाचं श्वासाचं छिद्र बुजलं आहे. टाकीत निर्वात तयार होतो आणि पंपाला डिझेल ओढता येत नाही. पुढचा प्रवास झाकण जरा सैल ठेवून करा. गाडी पडली नाही तर झाकण बदला, विषय संपला.

३. फिल्टरवरचा किंवा फीड पंपावरचा हँड प्रायमर (हाताने डिझेल ओढायचा छोटा पंप) दाबा. पहिल्या-दुसऱ्या दाबालाच घट्ट लागला तर फिल्टरपर्यंत डिझेल भरलेलं आहे. पोकळ लागला, पंधरा-वीस दाबांनंतर कुठे घट्ट झाला, तर लाईनमध्ये हवा शिरली आहे. टाकीपासून पंपापर्यंतचा मार्ग आता पहिला संशयित. माझ्या मते या सगळ्या यादीत ही सर्वात मोलाची तपासणी आहे आणि ती नेमकी सेल्फ मारायच्या आधीच करायची असते.

४. रोटरी पंप असेल तर चावी बंद-चालू करा. सोलेनॉईडचा ‘टक’ असा आवाज आला पाहिजे. रस्त्यावर ऐकू येत नसेल तर पंपाला बोट लावा, टिचकी हाताला जाणवते.

यानंतर सेल्फ मारा. एका वेळी १५ सेकंदांपेक्षा जास्त नाही, मध्ये मिनिटभर विश्रांती. सायलेन्सरकडे कुणाला तरी उभं करा. सेल्फ जोरात फिरतोय आणि धूर अजिबात नाही, म्हणजे नोझलपर्यंत डिझेल पोचत नाही. पांढरट धूर निघतोय पण पेटत नाही, म्हणजे डिझेल येतंय, पण कमी किंवा हवेसकट.

हवा शिरते कुठून?

टाकी ते पंप हा मार्ग ओढीचा आहे. इथे छिद्र असेल तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत शिरते. शहाळ्याच्या नळीला चीर असली की पाणी कमी आणि हवा जास्त येते, तसंच. म्हणून ‘कुठेच लीकेज नाही’ असं म्हणून हा भाग सोडून देऊ नका. कोरडा, स्वच्छ दिसणारा जॉईंटही हवा घेत असतो.

बाजारात डिझेलला टिकणारी पारदर्शक नळी मिळते. तिचा वीतभर तुकडा फिल्टरच्या आधी आणि दुसरा फिल्टरनंतर बसवा, दोन्ही बाजूंना क्लिप आवळा आणि एअर (लाईनमधली हवा) काढून इंजिन चालू करा. सुरुवातीला काही बुडबुडे जातील, ते सोडून द्या. पाच मिनिटं स्लोला (ॲक्सिलरेटर न दाबता) चालवा, मग रेस द्या आणि नळीकडे बघत राहा. दोन्ही नळ्यांत बुडबुड्यांची रांग सुरू राहिली तर हवा टाकी आणि फिल्टरच्या मध्ये शिरते. पहिलीत स्वच्छ डिझेल आणि दुसरीत बुडबुडे, तर दोष फिल्टरच्या डोक्यात: ओ-रिंग, एअर काढायचा स्क्रू किंवा प्रायमर. नवीन फिल्टर बसवताना जुनं रबर तसंच चिकटून राहिलं आणि त्यावर दुसरं बसलं, असंही होतं. रबर हाताने काढून बघा.

हवा टाकीकडून येत असेल तर टाकीवरून निघणारा रबरी तुकडा, चॅसीसवर घासणारी लोखंडी नळी आणि बॅन्जो बोल्टचे (पाईप जोडणारा आतून पोकळ बोल्ट) कॉपर वायसर, या क्रमाने बघा. रबरी पाईप वाकवून बघा. क्लिपच्या कडेला केसासारख्या भेगा दिसल्या की तो कापून फेका. एकदा दाबून चपटे झालेले कॉपर वायसर पुन्हा वापरू नका.

दोन-चार बुडबुडे दिसतात पण जागा सापडत नाही, तेव्हा कॅनची युक्ती करा. पाच लिटरच्या स्वच्छ कॅनमध्ये गाळलेलं डिझेल घ्या, कॅन पंपापेक्षा उंच आणि सायलेन्सरच्या पाईपपासून दूर घट्ट बांधा. त्यातून सरळ फिल्टरला लाईन द्या, रिटर्नचा (उरलेलं डिझेल परत नेणारा) पाईपही कॅनमध्येच सोडा. कॅन केबिनमध्ये ठेवू नका आणि असं जोडून घाटात जाऊ नका. अंगणात आणि आसपासच्या रस्त्यावर चालवा. गाडी नीट चालली तर पंप, नोझल, सोलेनॉईड यांवर खर्च करायची गरज नाही, दोष टाकी ते पंप या मार्गात आहे. शिवाय कॅन वर असल्याने फिल्टरपासून पुढे ओढीऐवजी वजनाचा दाब येतो. जिथून हवा शिरत होती, तिथून आता डिझेल पाझरताना दिसतं. इंजिन बंद करून अर्धा तास ठेवा, फिल्टरपासून पंपापर्यंतचे सगळे जॉईंट कोरड्या कागदाने पुसून घ्या आणि कागद कुठे ओला होतो ते बघा.

हवा नाही, पण डिझेल अडतंय

गाडी धापा टाकत थांबते, दहा मिनिटांनी आपोआप चालू होते, दहा-पंधरा किलोमीटरवर पुन्हा तेच. असं असेल तर टाकीतल्या गाळणीवर काहीतरी चिकटतं आहे. प्लॅस्टिकचा तुकडा, कॅनच्या बुचाखालची पन्नी, चिकट गाळ. ओढ असेपर्यंत ते गाळणीला घट्ट बसतं, इंजिन थांबलं की सुटून खाली जातं. लाईन फिल्टरकडून सोडवून टाकीच्या दिशेने हलकी हवा मारा, झाकण उघडं ठेवून. टाकीत बुडबुड बुडबुड आवाज मोकळा आला पाहिजे. हवा मारल्यावर गाडी चार दिवस नीट चालली आणि पुन्हा पडू लागली तर समजा की कचरा अजून आतच आहे. टाकी उतरवून धुवा.

फिल्टरखालचा ड्रेन उघडून डिझेल काचेच्या बाटलीत घ्या आणि अर्धा तास ठेवा. पाणी खाली बसतं, रेष स्वच्छ दिसते. ड्रममधून डिझेल भरणाऱ्यांनी आणि पावसाळ्यात कोकणातून ये-जा करणाऱ्यांनी हे नेमाने करावं. मधल्या थरात काळपट-तपकिरी शेवाळासारखं काही दिसलं तर टाकीत पाणी बरेच दिवस साठलं आहे आणि त्यात जिवाणू वाढले आहेत. तेव्हा नुसता फिल्टर बदलून भागत नाही, नवा फिल्टरही लवकरच चोंदतो.

रबरी पाईपचा एक फसवा दोष सांगतो. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या पाईपचं आतलं अस्तर सुटतं आणि ओढीबरोबर पडद्यासारखं मिटतं. स्लोला काही नाही, लोडवर डिझेल बंद. आठ-दहा वर्षांचा पाईप असेल तर तपासण्यापेक्षा बदलणं स्वस्त पडतं.

व्हीई या प्रकारच्या रोटरी पंपात आणखी एक बघा. रिटर्नच्या बॅन्जो बोल्टला आत अगदी बारीक छिद्र असतं आणि माथ्यावर इंग्रजीत ‘आउट’ कोरलेलं असतं. इनलेटचा बोल्ट दिसायला तसाच, पण छिद्र मोठं. कुणी पाईप काढून लावताना दोन्ही बोल्टांची अदलाबदल केली तर पंप उपाशी राहतो. ‘फिल्टर बदलल्यापासून असं होतंय’ असं गाडीमालक सांगत असेल तर हे दोन बोल्ट आधी बघा.

वायरिंगचा दोष पकडायचा तर दिवा केबिनमध्ये आणा

सोलेनॉईडच्या नटावरून एक वायर काढून केबिनपर्यंत आणा. तिला १२ व्होल्टचा छोटा टेस्ट लॅम्प जोडा, दुसरं टोक बॉडीला अर्थ करा आणि दिवा डोळ्यांसमोर बांधा. पंपाजवळ या वायरमध्ये एक लहान फ्यूज घाला. आता रोजची धाव करा. गाडी पडताना दिवा विझला किंवा लुकलुकला तर दोष सोलेनॉईडच्या अलीकडे: चावी, फ्यूज, जॉईंट. दिवा ठणठणीत आणि तरी गाडी पडली तर वायरिंगला सोडा, सोलेनॉईड स्वतः किंवा डिझेलचा मार्ग बघा. कुठल्याही वर्कशॉपमधल्या तासाभराच्या तपासणीपेक्षा हा दिवा जास्त भरवशाचं सांगतो, कारण गाडी पडते तेव्हा तो तिथे असतो.

दिवा विझत असेल तर इंजिन स्लोला ठेवून एक एक जागा हलवा. चावीला लटकलेला जड जुडगा हलवून बघा, फ्यूज बॉक्सवर बोटाने ठोका, फायरवॉलजवळचं सॉकेट वाकवा, बॅटरीची टर्मिनलं आणि इंजिन-चॅसीसची अर्थ पट्टी हलवा. मल्टिमीटर असेल तर इंजिन चालू असताना एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरं सोलेनॉईडच्या नटाला लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर मध्ये कुठेतरी कॉन्टॅक्ट जळलेला आहे.

बाहेरून बसवलेल्या वस्तू विसरू नका. जीपीएस ट्रॅकरबरोबर इंजिन बंद करणारा रिले बसवलेला असेल तर तो इग्निशनची वायर कापून मध्ये घातलेला असतो. सेंट्रल लॉकचा अलार्म, टेपची चोरून घेतलेली वायर, यांचे पिळलेले आणि टेप गुंडाळलेले जॉईंट दोन पावसाळ्यांत हिरवे पडतात. हा रिले काही दिवस बाजूला काढून मूळ वायर सरळ जोडा, म्हणजे संशय मिटेल.

कॉमन रेल असेल तर

बॅटरीची वायर काढायच्या आधी स्कॅनर (ईसीएममधले दोषाचे कोड वाचणारं यंत्र) लावा, नाहीतर कोड पुसले जाण्याची शक्यता असते. पी०३३५ हा क्रँक सेन्सरचा (इंजिनाचं फिरणं मोजणारा), पी०३४० कॅम सेन्सरचा, पी००८७ रेल प्रेशर कमी असल्याचा कोड. पण कोड म्हणजे पार्टचं नाव नव्हे. पी००८७ आला म्हणून हाय प्रेशर पंप उतरवू नका. चोंदलेला फिल्टर आणि लाईनमधली हवा यांनीही हाच कोड येतो. वर सांगितलेली पारदर्शक नळीची तपासणी इथेही आधी करा.

स्कॅनर लावून गाडी पळवता आली तर रेलचं मागितलेलं आणि मिळालेलं प्रेशर शेजारी ठेवून बघा. बंद पडण्याआधी मिळालेलं प्रेशर खाली घसरत गेलं तर डिझेलचा दोष. प्रेशर जागेवर आणि गिअरमध्ये इंजिन फिरत असतानाच आरपीएम एकदम शून्य दाखवलं तर क्रँक सेन्सर, त्याची वायर किंवा मेन रिले. तापल्यावर पडणाऱ्या गाडीत बंद पडल्या पडल्या क्रँक सेन्सरवर ओलं फडकं धरा. दोन मिनिटांत चालू झाली तर सेन्सर बदला. त्याच्याकडे जाणारी वायर इंजिनच्या ब्रॅकेटवर घासून सोलली नाही ना, तेही बघा, नाहीतर नवा सेन्सर बसवूनही तेच होईल.

कॉमन रेलचे हाय प्रेशर नट चालू इंजिनावर कधीही सैल करू नका. जुन्या पंपाची एअर नोझलचे नट सैल करून काढतात, ती सवय इथे जिवावर बेतू शकते. रेलमध्ये हजार बारच्या वर दाब जातो. सुईसारखी धार कातडी फोडून आत शिरते आणि जखम बारीक दिसली तरी बोट किंवा हात गमावण्याची वेळ येते. लीकेज हाताने चाचपू नका, पुठ्ठा धरा. धार लागलीच तर दुखत नसलं तरी थेट हॉस्पिटलमध्ये जा.

फक्त स्लोला बंद पडते?

सिग्नलला क्लच दाबला की पडते, पळताना काही नाही, तर वेगळं बघायचं. स्लो खाली बसलेला असेल. बऱ्याच पिकअपचा तो ७५० ते ८५० आरपीएमच्या आसपास असतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात बघा. ईजीआर (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारी व्यवस्था) असलेल्या गाडीत काजळीने तिचा व्हॉल्व्ह उघडाच अडकतो, मग स्लोला थरथर आणि काळा धूर. एअर फिल्टर चोंदला तर बहुधा काळा धूर आणि मेलेलं पिकअप दिसतं, नुसत्या त्याने गाडी बंद पडणं कमी.

पंपवाल्याकडे कधी जायचं

कॅनवर चालवली तरी पडते, दिवा विझत नाही, सोलेनॉईड बदलून पाहिला, तेव्हाच. रोटरी पंपाची एक शेवटची खूण आहे. गाडी तापून बंद पडली, गरम असताना काही केल्या चालू होत नाही. इंजिन बंद असतानाच पंपावर ओलं फडकं गुंडाळून दहा मिनिटं ठेवा. चालत्या किंवा फिरत्या पंपावर थंड पाणी ओतू नका, आतले भाग आवळून जाम होतात. फडक्याने पंप गार झाल्यावर गाडी चटकन चालू झाली तर पंपाचं हेड झिजलं आहे. गरम डिझेल पातळ होतं आणि झिजलेल्या फटीतून मागे निसटतं.

पंप देताना तुमची वही सोबत न्या. उघडण्याआधी टेस्ट बेंचवर चढवून चारही लाईनचं माप सेल्फच्या वेगाला आणि पूर्ण वेगाला घ्यायला सांगा, आणि दुरुस्तीनंतर तेच पुन्हा. दोन्ही मापं कागदावर मागा, काढलेले पार्ट परत मागा. नवा पंप बसल्यावर पारदर्शक नळ्या आणि केबिनमधला दिवा लगेच काढू नका. लोड भरून, नेहमीच्या घाटातून, टाकी पाव असताना एक फेरी झाली आणि नळीत डिझेल स्वच्छ दिसलं, की मग त्या जागी साधा नवा पाईप आणि नवे वायसर टाका.